एकोणचाळीस वाफे

१

रविवारी दुपारी चार वाजता अध्यक्षबाई बागेतून ओरडल्या आणि छत्तीस घरांची दारं धडाधड उघडली.

एका घरात भांडं पडलं की पुढच्या चार घरांना कळावं, अशीच ती घरं होती. चार चौक, प्रत्येक चौकात नऊ घरं, एकमेकांना खांदा लावून उभी. इतकी दाटी सगळ्यांनी आनंदाने सोसली होती ती मागच्या मोकळ्या जागेसाठी. सरकारने जमीन स्वस्तात दिली तेव्हाच अट घातली होती: एक तृतीयांश जागेत घरं आणि वाहनतळ, बाकी सगळी बाग. वीस-विसाच्या तीन ओळींत साठ वाफे, कडेने झाडं, मधे मुलांना खेळायला गवत. बाग कसली जाईल तोवर ती वस्तीची. दर पाच वर्षांनी तपासणी. त्या दिवशी एकतीस वाफे जिवंत दिसले नाहीत तर मोकळी जागा सरकारजमा आणि तिथे उंच इमारत.

तपासणी येत्या शुक्रवारी होती.

आणि मागच्या दोन ओळी आडव्या झाल्या होत्या. टोमॅटो, वांगी, पालक, घेवड्याचे वेल, सगळं मान टाकून पडलेलं. पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी. एक बाई आपल्या वाफ्यात मटकन खाली बसली आणि एकेक रोप हाताने सरळ करायला लागली. सोडलं की ते पुन्हा आडवं.

"एकोणचाळीस," सेक्रेटरी म्हणाले. "मोजले मी. एकोणचाळीस गेले."

पोलीस चौकीत फोन केला तर पलीकडचा माणूस हसला. "भाजी मेली म्हणून तक्रार? बाई, कीड पडली असेल."

फोन ठेवून अध्यक्षबाई काठी टेकत मीटरबाईंकडे वळल्या. मीटरबाईंनी पाणी खात्यात बत्तीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले होते. चोरून जोडलेले नळ त्या नुसत्या आकड्यांवरून पकडत.

"तुम्ही बघा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दुसरं कोण बघणार?"

मीटरबाई वाफ्याशी वाकल्या. माती ओली होती, बोट रुतेल इतकी. वरच्या ढेकळांवर पांढुरका थर होता. त्यांनी बोटावर चिमूटभर घेतली आणि सगळ्यांसमोर जिभेला लावली. मग थुंकल्या.

"कीड नाही," त्या म्हणाल्या. "मीठ आहे. कुणीतरी टाकीत मीठ घातलंय."

२

पुढची ओळ वाचली होती, कारण तिला चौकातल्या नळाचं पाणी मिळायचं. मागच्या दोन ओळींना उंच टाकीचं. टाकी तळाच्या चावीने रोज संध्याकाळी पाचला रिकामी करायची आणि मग ती आपोआप भरायची, असा नेम.

मीठ शोधायला लांब जावं लागलं नाही. वस्तीचं पाणी जड, ते मऊ करणाऱ्या यंत्रासाठी जाड मिठाची पोती सभागृहाशेजारच्या कोठीत ठेवलेली असत. सात हवी होती, सहा निघाली. कुलूप शाबूत.

"किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सेक्रेटरींकडे आणि माळीकाकांकडे."

"आणि माझं शिलाई मशीन कोठीच्या पुढच्या खोलीत असतं," मागून आवाज आला. "दिवसभर कोठीचं दार उघडंच असतं. तेही लिहून घ्या, नंतर कुणी काढायला नको." ती शिलाईताई होती. भावाच्या दोन खोल्यांत सात माणसं राहत, त्यांतली ती, तिचा आजारी नवरा आणि मुलगी ही तीन. गेल्या वर्षी बागेच्या उत्तर टोकाला बारा स्वस्त घरं बांधायचा ठराव तिनेच आणला होता. तो पडला. त्या दिवसापासून ती कुणाशी सरळ बोलत नव्हती.

मीटरबाई टाकीच्या शिडीपाशी गेल्या. लोखंडी शिडी, सरळसोट, बारा पायऱ्यांची. तिसऱ्या पायरीवर मिठाचे खडे अडकले होते. पाचवीवर, सातवीवर, नवव्या पायरीवरही.

"पन्नास किलोचं पोतं," कुणीतरी मागून म्हणालं. "ही शिडी चढून कोण नेईल? ज्याच्या अंगात रग आहे तोच."

सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. माळीकाका. बावीस वर्षं बाग त्यांनी सांभाळली, पण वस्तीत त्यांना घर नव्हतं. अवजारांच्या खोलीतच ते आणि त्यांची बायको राहत. गेल्या महिन्यात त्यांनी घरासाठी अर्ज दिला होता आणि समितीने तो बाजूला ठेवला होता.

दोघं-तिघं खोलीकडे धावले. दाराला कुलूप होतं.

"पळाला!" कुणीतरी ओरडलं.

३

माळीकाका पळाले नव्हते. सोमवारी सकाळी मीटरबाईंना ते दवाखान्याच्या बाकावर सापडले. बायकोला शुक्रवारी संध्याकाळी दाखल केलं होतं. नर्सने रजिस्टर दाखवलं. तीन दिवसांत माणूस चहा प्यायलाही बाहेर गेला नव्हता.

बागेचं ऐकल्यावर त्यांनी बाकावर सरकून जागा करून दिली. मग म्हणाले, "मी केलं असं म्हणतात?"

"म्हणत होते."

"तिला सांगू नका. तिचा दोडका होता त्यात."

परत येताना मीटरबाईंच्या मनात ते खडे घोळत होते. अंगात रग असलेला माणूस पोतं एकदाच खांद्यावर घेतो आणि वर जाऊन फोडतो. मग मीठ वरच सांडेल. इथे ते पायरी-पायरीला सांडलं होतं, म्हणजे उघड्या बादलीतून, पुन्हा पुन्हा, थकत थकत. चढणारा दमणारा होता. अध्यक्षबाईंना काठीशिवाय दहा पावलं टाकता येत नाहीत, त्या शिडीला हातही लावणार नाहीत.

शिलाईताई मशीनवर वाकून बसली होती. मीटरबाईंना बघून तिने पाय थांबवला.

"विचारा. मीच ना? घर मला हवं, म्हणून बाग मी मारली."

"उजवा हात वर कर बघू."

तिने हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथेच दात आवळले. "सहा महिने झाले. कापड फळीवर ठेवायलाही मुलीला हाक मारते."

"मग तू ती शिडी चढली नाहीस."

"चढले असते तर नावानिशी चढले असते," ती म्हणाली. "रविवारी दहा ते एक मीटिंग होती. त्यात अर्धा तास बोलले मी. रडलेसुद्धा. तो ठरावाचा कागद फाडून टेबलावर टाकला. मला चोरून काही करायचं असतं तर इतकी शोभा कशाला करून घेतली असती?"

तेवढ्यात नकाशेवाले आत आले. वस्तीचा नकाशा त्यांनीच काढला होता, आता इमारती बांधणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. घाबरलेले दिसत होते.

"माझ्याबद्दलही बोलतायत म्हणे," ते म्हणाले. "कंपनीचा डोळा आहे जागेवर, मी नाही कशाला म्हणू? पण कंपनीला मीठ घालायची काय गरज? पाच वर्षांनी नाहीतर दहा वर्षांनी, ते वाट बघतात."

"इथे कुणाला सांगितलंत का, इमारत झाली तर काय होईल ते?"

ते घुटमळले. "एकाने विचारलं होतं. वस्तीत घरासाठी थांबलेल्यांच्या यादीतल्या लोकांना पहिली घरं मिळतील का, म्हणून. मिळतील म्हटलं."

"कुणी?"

"ते मी नाही सांगणार. विचारणं गुन्हा नाही. आणि तो माणूस विचारताना रडत होता."

४

मागच्या ओळींत चाळीस वाफे. मेले एकोणचाळीस. चाळिसावा कुणाचा, हे मीटरबाईंना मंगळवारी दिसलं, कारण तो एकटाच हिरवागार उभा होता.

तो पहिल्या घरातल्या आजींचा. आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचा वाफा शेजारी पाळीपाळीने बघत आणि आजी खिडकीतून तो बघत दिवस काढत. मीटरबाईंनी त्या वाफ्याच्या नळीची चावी चाचपली. घट्ट बंद. मीठ मिसळणाऱ्याने आधी येऊन ही एक चावी बंद केली होती.

म्हणजे बाहेरचा कुणी नव्हताच. हा वाफा कुणाचा, हे त्या माणसाला ठाऊक होतं. आणि तो मारायला त्याचा हात धजला नव्हता. त्याचा स्वतःचा याच ओळींत असेल, तर तो मात्र त्याने मारला होता.

आजी उशीला टेकून बसल्या होत्या.

"बघ, पलीकडच्या खांबावर चिमणी आलीय," त्या म्हणाल्या. "शेपूट तुटकी आहे बिचारीची."

"आजी, शनिवारी दुपारी तुमच्या वाफ्याशी कोण वाकलं होतं?"

आजींनी खिडकीवरून नजर काढली. "मला कुठे दिसतंय गं आता. डोळे गेले माझे."

मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि काही केल्या वळल्या नाहीत.

घरी येऊन मीटरबाईंनी वही काढली. निवृत्त होऊनही सवय गेली नव्हती. रोज सकाळी फिरताना त्या टाकीच्या मीटरचा आकडा टिपत. टाकी दोन हजार लिटरची, दिवसाला दोन हजार, कधी चुकलं नाही. रविवारी सकाळीही ठीक होतं. पण रविवारी चार वाजता, बाग पाहून झाल्यावर घेतलेला आकडा दोन हजारांनी पुढे होता. पाण्याची वेळ व्हायला तासभर बाकी असताना!

तेव्हा भर उन्हात माती ओली का होती, ते आता त्यांच्या ध्यानात आलं. शनिवारी संध्याकाळी खारं पाणी गेलं. रविवारी सकाळी पानं मलूल व्हायला लागली. आणि मग कुणीतरी चोरून गोड्या पाण्याची सगळी टाकी वाफ्यांत सोडली. पुन्हा मारायला नव्हे. धुवायला.

ज्याने केलं त्यालाच काही तासांत ते सोसवलं नव्हतं.

पण रविवारी दहा ते एक सगळी वस्ती मीटिंगमध्ये होती. मीटरबाई अध्यक्षबाईंकडे गेल्या आणि मीटिंगचं इतिवृत्त मागून घेतलं. सेक्रेटरींचं अक्षर, नेहमीसारखं बारीक आणि नेटकं. कोण किती उशिरा आलं, कुणाची खुर्ची मोडली, कुणाला ठसका लागला, सगळं होतं. तिसऱ्या पानावर मात्र एकच ओळ होती: "शिलाईताईंनी आपले मत मांडले."

अर्ध्या तासाचं बोलणं, रडणं, फाडलेला कागद, यातलं काहीच नव्हतं. मीटिंगला मीटरबाई स्वतः होत्या, पण सगळ्यांसारख्या त्याही शिलाईताईकडेच बघत होत्या. लिहिणाऱ्याच्या खुर्चीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मीटरबाईंनी वही मिटली. वीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी त्यांनी वाफा लावला होता.

५

बुधवारी सकाळी सेक्रेटरी आपल्या मेलेल्या वाफ्यात वरची माती खरवडून घमेल्यात भरत होते. तळहात सोलले होते. मीटरबाई बांधावर बसल्या.

"किती बादल्या लागल्या?"

त्यांनी खुरपं थांबवलं नाही. "अठरा. चौदाव्या वेळी वाटलं, पडतो आता. पडलो असतो तर बरं झालं असतं."



"मुलीसाठी?" मीटरबाईंनी विचारलं.

सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. सेक्रेटरींची बायको गेली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती आणि ती आजींच्या घरीच मोठी झाली. आता ती दोन मुलांना घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला तळघरातल्या एका खोलीत राहत होती. नऊ वर्षं यादीत नाव.

"धाकट्याची छाती भरते," सेक्रेटरी म्हणाले. "भिंतीतून पाणी झिरपतं. डॉक्टर म्हणाले, खोली बदला. खोली बदला! जसं काही शर्ट बदला."

"तुमच्या घरी का नाही आणलंत?"

"माझाच नियम आड आला. एका खोलीच्या घरात दोघांहून जास्त माणसं नकोत; दोन खोल्यांना मर्यादा नाही. मी स्वतः दोन कुटुंबांना तो दाखवून बाहेर काढलंय. आता कुठल्या तोंडाने मोडू?" त्यांनी सोललेले हात पाहिले. "गेल्या वर्षी बारा घरांचा ठराव आला तेव्हा विरोधात पहिला हात माझा होता. बागेचा एक वाफाही देणार नाही, असं भाषण केलं मी. टाळ्या पडल्या. यादीत मुलीचा नंबर चौथा होता. ती मागच्या बाकावर बसली होती, बाई. माझ्याकडे बघत होती."

 दुसरा हात मीटरबाईंचा होता.

"उघडपणे माघार घ्यायची लाज वाटली," ते म्हणाले. "म्हटलं, बाग आपोआप गेली तर कुणाला दोष नाही. शनिवारी दुपारी केलं. रविवारी उठून बघितलं आणि... पालक होता ना तुमचा, तो असा वाकला होता. मीटिंगमधून उठलो, पाणी सोडलं. उशीर झाला होता."

"उद्या सगळ्यांसमोर सांगाल?"

"तुम्ही सांगा."

"नाही. तुम्हीच."

त्यांनी घमेलं उचललं, दोन पावलं चालले आणि तसेच खाली बसले. लहान पोर रडावं तसे ते हमसून हमसून रडले. मीटरबाई बसून राहिल्या.

६

गुरुवारी त्यांनी सांगितलं. सभागृहात आधी कुणाचा विश्वास बसला नाही, मग गोंधळ माजला. एकाने खुर्ची उचलली. त्याला आडवे आले ते माळीकाका. बायकोला घरी सोडून ते तिथेच आले होते. "उद्या तपासणी आहे," ते एवढंच म्हणाले. "मारामारी शनिवारी करा. आत्ता खोरी घ्या."

संध्याकाळ होईपर्यंत वस्ती मातीत होती. खारी माती काढायची, झाडांखालची टाकायची, नळाचं पाणी बादलीने आणायचं. खिडक्यांतल्या कुंड्या खाली आल्या. कुणाचा पुदिना, कुणाची मिरची. सेक्रेटरी एका कोपऱ्यात एकटेच खणत होते. त्यांच्या आजूबाजूला कुणी उभं राहत नव्हतं.

शुक्रवारी अधिकारी आला, हातात पाटी घेऊन ओळीओळीने फिरला. एका वाफ्यापाशी थांबून त्याने पुदिन्याचं रोप जरा हलवून पाहिलं. मग त्याने खूण केली आणि पुढे गेला. शेवटी आकडा सांगितला: एकतीस. एकही जास्त नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे तिथल्या तिथे खाली बसले.

खरी मीटिंग रविवारी झाली. मीटरबाईंनी उभं राहून सांगितलं की गेल्या वर्षी वर केलेला हात त्या आज मागे घेतात. नकाशेवाल्यांनी टेबलावर कागद पसरला. बारा घरं बागेत नव्हे, पुढच्या वाहनतळावर, दोन मजल्यांत दाटीने बसत होती. वाफा एकही जात नव्हता, गाड्या मात्र रस्त्यावर जात होत्या. गाडीवाल्यांनी आरडाओरडा केला, पण ठराव थोडक्यात पास झाला.

मग अध्यक्षबाईंनी नियम वाचला. सामाईक जागेचं जाणूनबुजून नुकसान केलं तर त्या सभासदाचं पद जातं आणि त्याच्या कुटुंबाचं नाव यादीतून काढता येतं. पद गेलंच होतं. आता प्रश्न मुलीच्या नावाचा.

यादी वाचली गेली. चौथी, सेक्रेटरींची मुलगी. घरं बारा. तेराव्या क्रमांकावर शिलाईताई.

चौथं नाव गेलं की तेरावं आत येणार, हे सगळ्यांना एकदमच कळलं.

हात मोजले. नाव काढा म्हणणारे सतरा, ठेवा म्हणणारे सतरा. अध्यक्षबाई मत देत नसत. उरलं एकच मत, शिलाईताईच्या भावाचं. तो कामावर होता आणि त्याच्या सहीची चिठ्ठी तिच्या मुठीत होती.

"ताई?" अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

ती उठली. सेक्रेटरींकडे तिने पाहिलंही नाही. मागच्या बाकावर त्यांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. पोर खोकत होतं.

"हिने काही केलेलं नाही," शिलाईताई म्हणाली. "राहू द्या नाव."

आणि कुणी काही बोलायच्या आत ती दारातून बाहेर पडली.

मीटरबाई मागोमाग गेल्या. ती तिसऱ्या चौकातल्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभी होती. कठड्याला डावा हात धरून. वरून मुलीचा आणि भाच्यांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाची वही ओढत होतं.

"मी मूर्ख आहे का हो?" तिने विचारलं.

मीटरबाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"नवरा सकाळपासून विचारतोय, आज काय होणार म्हणून. तेरावा नंबर आहे हे त्याला माहीत आहे. कुणीतरी गळेल, म्हणत होता." तिने नाक पुसलं. "भाऊ काही बोलणार नाही. वहिनी बोलेल. बोलू दे." ती थांबली. "वर चला ना माझ्याबरोबर. एकटीला सांगवणार नाही मला."

"चल," मीटरबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या दुखऱ्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूने हात धरला आणि दोघी जिना चढायला लागल्या.